गुण नव्हे, हिशेब

विद्यार्थ्याने आपल्या अभ्यासाचे मूल्यमापन आपणच करावे आणि नेमून दिलेले काम त्याने नीट पुरे केले की त्याला श्रेणी मिळावी, असा विचार गेल्या काही वर्षांत विद्यापीठांच्या दारापर्यंत येऊन पोहोचला आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शाळेच्या प्रगतिपुस्तकात शिक्षकाच्या अभिप्रायाबरोबर विद्यार्थ्याचा स्वतःविषयीचा आणि सहाध्यायांचा त्याच्याविषयीचा अभिप्रायही यावा, असे सुचविले. उच्च शिक्षणात एका अंतिम परीक्षेऐवजी वर्षभराचे सातत्यपूर्ण मूल्यमापन आणि निश्चित निकषांवर आधारलेली श्रेणी यांचा पुरस्कार त्याच धोरणाने केला आहे. गोव्यातील महाविद्यालयांतही २०२३-२४ पासून या धोरणाची अंमलबजावणी सुरू झाली. तेव्हा हा प्रश्न आता केवळ शिक्षणशास्त्राच्या वर्गातला राहिलेला नाही. तो आमच्या घरातील मुलामुलींच्या निकालपत्रकाचा प्रश्न झाला आहे.

अशी कल्पना कानी पडताच दोन प्रकारच्या प्रतिक्रिया उमटतात. एक वर्ग म्हणतो, परीक्षेचा जाच संपला, आता विद्यार्थी मोकळेपणाने शिकेल. दुसरा वर्ग म्हणतो, चोराच्याच हाती जामदारखान्याच्या किल्ल्या दिल्या! आमच्या मते या दोन्ही प्रतिक्रिया उतावीळ आहेत. मूळ प्रश्न गुण कोणी द्यावे हा नसून विद्यार्थ्याने आपल्या कामाचा हिशेब कोणापुढे आणि कसा मांडावा, हा आहे.

प्रथम या पद्धतीचे स्वरूप पाहू. अभ्यासक्रमाच्या आरंभी प्राध्यापक कामांची यादी देतो: इतकी टिपणे, इतके निबंध, एखादा प्रकल्प. प्रत्येक काम केव्हा पुरे झाले असे समजावे याचे निकषही तो लेखी सांगतो. सादर केलेले काम निकषांना उतरले तर ‘पूर्ण’. न उतरले तर ते परत येते आणि विद्यार्थ्याने ते दुरुस्त करून पुन्हा द्यायचे असते. साडेसहा द्यावेत की सात द्यावेत, हा घोळच तेथे नसतो. सत्राच्या अखेरीस विद्यार्थी एक निवेदन लिहितो, काय शिकलो, कोठे कमी पडलो, आपली श्रेणी कोणती असावी असे वाटते आणि का. अमेरिकेत लिंडा निल्सन यांच्या २०१५ मधील पुस्तकाने या पूर्तताधिष्ठित पद्धतीला बरीच चालना दिली. पण हा परदेशातून आलेला नवा माल आहे अशी कोणाची समजूत असेल, तर त्याने बडोद्याचा इतिहास एकदा चाळून पाहावा.

बडोदे ही मराठी माणसाला परकी नगरी नव्हे. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याच्या एका शेतकरी घरातील मुलगा तेथे सयाजीराव महाराज झाला. १९०६ साली त्यांनी आपल्या साऱ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. त्यांच्या कारकिर्दीत उभे राहिलेले बडोदा कॉलेज नावाजलेले होते; पण ते मुंबई विद्यापीठाला जोडलेले होते. म्हणजे शिकायचे बडोद्यात आणि परीक्षा मुंबईची! गोव्याच्या वाचकाला ही स्थिती चांगलीच परिचयाची आहे. मुक्तीनंतर येथे महाविद्यालये निघाली तेव्हा तीही मुंबई विद्यापीठालाच जोडलेली होती, आणि १९८५ मध्ये गोवा विद्यापीठ स्थापन होईपर्यंत आमच्या मुलांच्या निकालाची वाट मुंबईकडेच डोळे लावून पाहावी लागे.

मार्च १९१६ मध्ये बडोदा कॉलेजचा एक वीस वर्षांचा विद्यार्थी इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईच्या गाडीत बसला. त्याचा जन्म कुलाबा जिल्ह्यातील गागोद्याचा. वडिलांच्या नोकरीमुळे कुटुंब बडोद्यास आलेले. वाटेत तो सुरतेस उतरला, परीक्षेकडे पाठ फिरविली आणि काशीची वाट धरली. त्यापूर्वी त्याने आपली प्रमाणपत्रे आईच्या समोर चुलीत घातली होती. हा विद्यार्थी म्हणजे विनायक नरहर भावे. पुढे ज्यांना आपण विनोबा म्हणून ओळखू लागलो ते.

ही गोष्ट आपल्याकडे पुष्कळदा सांगितली जाते. परंतु तिचा पुढला भाग क्वचितच सांगितला जातो, आणि आजच्या विषयाला तोच अधिक लागू आहे. गांधीजींच्या आश्रमात दाखल झाल्यावर काही महिन्यांतच विनोबांनी एका वर्षाची रजा घेतली. प्रकृती सुधारावी आणि संस्कृताचे अध्ययन व्हावे म्हणून ते वाईस नारायणशास्त्री मराठे यांच्यापाशी जाऊन राहिले. वर्ष संपत आले तेव्हा, फेब्रुवारी १९१८ मध्ये, त्यांनी गांधीजींना एक विस्तृत पत्र लिहिले. उपनिषदे, गीता, ब्रह्मसूत्रांवरील शांकरभाष्य यांपैकी काय वाचले. किती जणांना गीता शिकविली, किती जणांना ज्ञानेश्वरी. किती मैल पायी हिंडलो, कोणते किल्ले पाहिले. दळण दळून वाचनालयासाठी पैसा कसा उभा केला. घेतलेली व्रते कशी पाळली. असा बाबवार हिशेब त्या पत्रात होता. गांधीजींनी उत्तर दिले, त्याचा आशय असा की, तुझे मोजमाप करण्याची पात्रता माझ्यात नाही. तू स्वतःचा जो अंदाज केला आहेस तोच मी मान्य करतो.

परीक्षा सोडून गाडीतून उतरलेल्या विद्यार्थ्याने दोन वर्षांच्या आत परीक्षेहून कठोर असा हिशेब आपण होऊन सादर केला, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. त्या पत्रात विनोबांनी स्वतःला शंभरापैकी ऐंशी गुण दिलेले नाहीत. त्यांनी केलेले काम मोजून मांडले. आणि ते पत्र ज्यांच्या हाती पडले त्यांनी ते काळजीपूर्वक वाचले, समजून घेतले व उत्तर लिहिले. स्वयंमूल्यमापन खऱ्या अर्थाने व्हावयाचे तर या दोन गोष्टी हव्यातच: पुराव्यासह दिलेला हिशेब आणि तो वाचणारा जबाबदार माणूस. यांतील एक जरी गळली तरी उरते ती केवळ औपचारिकता.

सगळेच विद्यार्थी विनोबा नसतात, हा आक्षेप येईल आणि तो रास्तही आहे. विद्यापीठाचे नियम असामान्यांसाठी नव्हे तर सामान्यांसाठी करायचे असतात. तेव्हा सामान्य विद्यार्थ्याच्या दृष्टीने प्रचलित परीक्षापद्धतीने काय दिले, याचा विचार करणे प्राप्त आहे.

१८५७ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे विद्यापीठे निघाली ती लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. शिकविण्याचे काम महाविद्यालयांचे आणि विद्यापीठाचे काम परीक्षा घेण्याचे, अशी ती वाटणी होती. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक १८५९ मध्ये झाली. १३२ जण बसले आणि २२ उत्तीर्ण झाले. रानडे आणि भांडारकर यांच्यासारखी माणसे त्याच विद्यापीठातून १८६२ मध्ये बाहेर पडली, हे खरे. परंतु ज्याने शिकविले त्याने तपासायचे नाही आणि ज्याने तपासले त्याने विद्यार्थ्याचे तोंडही पाहायचे नाही, अशी जी रीत पडली ती शतकभर टिकली. स्वातंत्र्यानंतर डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने १९४९ मध्ये या रीतीवर फार कडक शब्दांत टीका केली. विद्यापीठीय शिक्षणात एकच सुधारणा सुचवायची झाली तर ती परीक्षांची, असे त्या आयोगाचे मत होते.

नेमक्या त्याच वर्षी बडोद्यास महाराजा सयाजीराव विद्यापीठाची स्थापना झाली. हंसाबेन मेहता त्याच्या पहिल्या कुलगुरू. या विद्यापीठाची रचना मुंबईहून वेगळी होती. दूरदूरच्या संलग्न महाविद्यालयांचा पसारा नाही; शिकविणारे आणि पदवी देणारे विद्यापीठ एकच. त्यामुळे ज्या प्राध्यापकाने वर्षभर विद्यार्थ्याला पाहिले त्याच्या मताला निकालात स्थान देणे तेथे शक्य झाले. वर्षभराच्या कामाला अंतिम निकालात वाटा देणाऱ्या भारतातील आरंभीच्या विद्यापीठांत बडोद्याची गणना होते ती यामुळे. पुढे शिकागोचे बेंजामिन ब्लूम १९५७-५८ च्या सुमारास भारतात आले, परीक्षासुधारणेचे वारे देशभर वाहू लागले आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने १९७३ मध्ये परीक्षासुधारणेचा कृती आराखडाच प्रसिद्ध केला. या साऱ्या प्रवासात बडोद्याच्या शिक्षणशास्त्र विद्याशाखेचे नाव आदराने घेतले जात असे.

त्याच विद्यापीठातील ललित कला विद्याशाखेचे उदाहरण याहून बोलके आहे. १९५० मध्ये सुरू झालेल्या या शाखेत ना. श्री. बेंद्रे, शंखो चौधुरी, के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारखे कलावंत शिकवीत होते. तेथे विद्यार्थ्याची खरी परीक्षा म्हणजे त्याने वर्षभर केलेल्या कामाची मांडणी. वर्षाच्या अखेरीस तो आपली चित्रे, शिल्पे, मुद्रिते परीक्षकांपुढे मांडतो. कोणते काम ठेवावे आणि कोणते काढावे, हे ठरविताना तो स्वतःचा पहिला परीक्षक झालेला असतो. फसलेले चित्र कोणते हे ज्याला कळत नाही, त्याला चांगले चित्र कोणते हेही कळलेले नसते.

अशा मूल्यमापनाला किती नाजूक संरक्षण लागते, हेही बडोद्यानेच दाखवून दिले. मे २००७ मध्ये परीक्षेसाठी मांडलेल्या एका विद्यार्थ्याच्या कामावरून बाहेरची माणसे आवारात शिरली, त्या विद्यार्थ्याला अटक झाली आणि त्याच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या प्रभारी अधिष्ठात्यांना विद्यापीठाने निलंबित केले. त्या कलाकृतीविषयी कोणाचे मत काहीही असो; परीक्षेचे दालन हे विद्यार्थी आणि त्याचे शिक्षक यांच्यामधील विश्वासाचे स्थान असते. परीक्षकाच्या खुर्चीत जमाव येऊन बसला तर विद्यार्थी पुढच्या वर्षी स्वतःच्या कामाविषयी खरे बोलेलच कशाला?

आता गुणांच्या अचूकपणाविषयी. आपल्या समाजात ६९ आणि ७० यांच्यामध्ये मोठी दरी आहे असे मानले जाते. एकाला प्रवेश मिळतो, दुसऱ्याला नाही. परंतु हे आकडे खरोखर इतके पक्के असतात काय? १९१२ मध्ये अमेरिकेत स्टार्च आणि इलियट या दोघा संशोधकांनी इंग्रजी विषयाच्या उत्तरपत्रिकांच्या प्रती शंभराहून अधिक शिक्षकांकडे तपासण्यास पाठविल्या. एकाच उत्तरपत्रिकेला मिळालेले गुण ५० पासून ९७ पर्यंत पसरलेले निघाले! या प्रयोगास शंभराहून अधिक वर्षे लोटली, तरी पुनर्तपासणीचे अर्ज भरणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांना त्यात काही नवल वाटणार नाही.

दुसरा एक प्रयोग इस्रायलमधील शाळकरी मुलांवर रूथ बटलर यांनी केला. त्याचे निष्कर्ष १९८८ मध्ये प्रसिद्ध झाले. काही मुलांना फक्त गुण दिले, काहींना फक्त लेखी अभिप्राय दिला आणि काहींना दोन्ही दिले. फक्त अभिप्राय मिळालेल्यांची प्रगती झाली, त्यांची गोडीही टिकली. ज्यांना दोन्ही मिळाले त्यांना मात्र अभिप्रायाचा फायदा झाला नाही. आकडा दिसला की मूल आकड्याकडेच पाहते आणि त्याखालची शिक्षकाची ओळ वाया जाते. पूर्तताधिष्ठित पद्धतीचे खरे बळ येथे आहे. ‘हे अजून पुरे झालेले नाही, अमुक ठिकाणी दुरुस्त कर’ असे म्हटल्यावर विद्यार्थ्याला ती ओळ वाचावीच लागते.

इथवर वाचून कोणास वाटेल की आम्ही या पद्धतीचे बिनशर्त समर्थक आहोत. तसे नाही. कारण पूर्तीवर गुण देण्याचा प्रयोग आपल्या देशात केव्हाच झालेला आहे, आणि त्याचे नाव ‘जर्नल’. विज्ञान वा अभियांत्रिकी शाखेत शिकलेल्या कोणालाही विचारा. प्रयोग एकाने करायचा, निरीक्षणे दुसऱ्याने लिहायची आणि बाकीच्यांनी ती उतरून काढायची. गेल्या वर्षीचे जर्नल या वर्षी उपयोगी पडायचे. सबमिशनच्या आदल्या रात्री वसतिगृहात दिवे जळायचे. आणि सकाळी न वाचता सही व्हायची. ‘पूर्ण’ या शब्दाचा अर्थ तेथे ‘पाने भरली’ एवढाच उरला. टर्मवर्कचे गुण वर्गातील जवळजवळ सर्वांना सारखेच आणि भरघोस मिळू लागले, ते यामुळेच. आता तर २०२२ च्या अखेरीपासून मागाल तसा निबंध क्षणात लिहून देणारे यंत्र प्रत्येकाच्या खिशात आले आहे. उतरून काढण्याचे कष्टही उरले नाहीत. एवढेच काय, ‘मी या सत्रात काय शिकलो’ हे आत्मनिवेदनसुद्धा ते यंत्र मोठ्या नम्र भाषेत लिहून देते. अशा काळात केवळ काम सादर झाले म्हणून श्रेणी देणे, म्हणजे विद्यार्थ्याची स्वतःशीच फसवणूक करण्याची सोय करून देणे होय.

दुसरी अडचण याहून गंभीर आहे, आणि तिच्यासाठीही बडोद्याचाच दाखला घ्यावा लागतो. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे विद्या संपादन करून १९१७ मध्ये ते संस्थानच्या नोकरीसाठी बडोद्यास आले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत ते उतरले. परंतु त्यांची जात समजताच लाठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना तेथून निघावे लागले. ज्याची विद्वत्ता न्यूयॉर्कने मान्य केली होती, त्याला ओळखीच्या डोळ्यांनी पाहणाऱ्या गावाने एक खोली दिली नाही.

परीक्षेच्या उत्तरपत्रिकेवर आडनाव नसते, बैठक क्रमांक असतो. त्या क्रमांकाची आपण कितीही थट्टा केली, तरी ज्याच्या आडनावाने आजवर दारे बंद झाली त्याच्या दृष्टीने तो क्रमांक ही ढाल आहे. तपासणाऱ्याला विद्यार्थ्याची जात, गाव, धर्म, बापाचा हुद्दा काही कळत नाही. अंतर्गत मूल्यमापन आले की ही ढाल बाजूस होते. प्राध्यापक विद्यार्थ्याला ओळखतो. ही ओळख जशी मायेची असू शकते तशीच ती पूर्वग्रहाचीही असू शकते. अंतर्गत गुणांच्या दोरीने विद्यार्थ्यांना, विशेषतः मुलींना, बांधून ठेवणारे शिक्षकही असतात, हे कटू सत्य नाकारण्यात अर्थ नाही.

स्वयंमूल्यमापनाने हा दोष आपोआप जातो असेही नाही. फाल्चिकोव्ह आणि बाउड या संशोधकांनी १९८९ मध्ये या विषयावरील अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यातून असे दिसले की, विषयात मुरलेले विद्यार्थी स्वतःचे मूल्यमापन बऱ्याच अंशी शिक्षकाशी जुळेल असे करतात. नवख्यांना ते जमत नाही. चांगले विद्यार्थी स्वतःला कमी लेखतात आणि कच्चे विद्यार्थी स्वतःला अधिक समजतात, असा अनुभवही शिक्षणक्षेत्रात सर्वत्र आहे. आता डोळ्यांपुढे दोन विद्यार्थी आणावेत. एक पणजीतील सुशिक्षित घरातला, लहानपणापासून स्वतःविषयी चारचौघांत बोलण्याची सवय असलेला. दुसरी सत्तरी किंवा काणकोणच्या आडगावातून बस बदलत येणारी, घराण्यात प्रथमच महाविद्यालयाची पायरी चढलेली. ‘तुझी श्रेणी तूच सांग’ असे दोघांना म्हटले तर पहिला न अडखळता वरची श्रेणी मागेल. दुसरी खाली मान घालून मधली सांगेल, आणि कदाचित काम तिचे अधिक चांगले असेल. संकोच हा आपल्या समाजात गुण म्हणून शिकविला जातो. त्याची शिक्षा निकालपत्रकात होऊ नये.

मग मार्ग कोणता? तो कदाचित संगीतात सापडेल. बडोद्यात मौलाबक्षांनी १८८६ मध्ये संगीतशाळा काढली. तीच वाढत जाऊन आज विद्यापीठाची एक विद्याशाखा झाली आहे. गोव्याला तर गाणे कोणी शिकवायला नको. गुरूपुढे बसणाऱ्या शिष्याला आरंभीचे कित्येक महिने तंबोरा जुळविण्यात जातात. ‘तुझा सूर किती लागला, दहापैकी सांग’ असे गुरू विचारीत नाही. तो फक्त म्हणतो, ‘ऐक.’ तार चढी आहे की उतरी, हे प्रथम गुरूला ऐकू येते, शिष्याला नाही. पुढे शिष्यालाही येऊ लागते. ज्या दिवशी गुरूने सांगण्यापूर्वी शिष्य आपण होऊन खुंटीला हात घालतो, त्या दिवशी त्याचे शिक्षण खऱ्या अर्थाने सुरू झाले. स्वयंमूल्यमापन म्हणजे हा कान तयार होणे. तो तयार करावा लागतो, अभ्यासक्रमाच्या पहिल्या दिवशी तो गृहीत धरता येत नाही.

ही दृष्टी ठेवून विद्यापीठांना काही सूचना कराव्याशा वाटतात. पहिली गोष्ट, ‘पूर्ण’ कशाला म्हणायचे ते सत्राच्या आरंभीच लेखी जाहीर व्हावे आणि मागील वर्षांतील एखाददुसरे चांगले व एखादे अपुरे काम नाव झाकून विद्यार्थ्यांपुढे ठेवावे. आदर्श पाहिल्याखेरीज कान तयार होत नाही. दुसरी, काम परत करण्याची आणि दुरुस्त करून घेण्याची तरतूद ही या पद्धतीचा आत्मा आहे. ती नसेल तर सारा खटाटोप जर्नलच्याच वाटेने जाईल. तिसरी, विद्यार्थ्याकडून आकडा मागू नये, हिशेब मागावा: काय केले, कोणत्या कामावरून ते दिसते, कोणती चूक प्रथम केली आणि ती कशी सुधारली. आणि त्या हिशेबावर दहा मिनिटे समोरासमोर बोलणे व्हावे. स्वतः केलेल्या कामाविषयी माणूस बोलू शकतो. यंत्राने करून दिलेल्या कामाविषयी दोन प्रश्नांतच गप्प होतो. संकोची विद्यार्थिनीलाही त्या दहा मिनिटांत, शिक्षक समजूतदार असेल तर, आपली बाजू सापडते.

चौथी सूचना बैठक क्रमांकाविषयी. नाव झाकून तपासलेल्या परीक्षेचा काही वाटा निकालात राहिलाच पाहिजे. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात शालेय स्तरासाठी अशी शिफारस केली होती की, अंतर्गत आणि बाह्य परीक्षेचे निकाल एकमेकांत मिसळू नयेत, ते वेगवेगळे दाखवावेत. विद्यापीठांनीही तसे करावे. एखाद्या वर्गाचे अंतर्गत निकाल सातत्याने एका बाजूला आणि बाह्य निकाल दुसऱ्या बाजूला झुकत असतील तर त्याची चौकशी करता येईल. विद्यार्थ्याला दाद मागण्यास आधार मिळेल. परदेशातील अनुभवही सावधपणाचाच सल्ला देतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाची सांताक्रूझ येथील शाखा १९६५ मध्ये उघडली तेव्हा तेथे श्रेणीऐवजी प्राध्यापकांचे लेखी अभिप्राय दिले जात. विद्यार्थ्यांची संख्या वाढत गेली आणि २००० मध्ये प्राध्यापकांनीच श्रेणी सक्तीची करण्याच्या बाजूने मत दिले. उलट मॅसॅच्युसेट्सच्या प्रसिद्ध तंत्रविद्या संस्थेने १९६८ मध्ये नव्या विद्यार्थ्यांसाठी श्रेणीऐवजी केवळ उत्तीर्णतेची नोंद करण्याची प्रथा पाडली. ती पहिल्या सत्रापुरती मर्यादित होऊन अजून टिकली आहे. मर्यादित आणि झेपेल एवढी सुधारणा टिकते, असा त्याचा अर्थ आम्ही घेतो.

झेपण्याचा हा प्रश्न शेवटी शिक्षकांच्या संख्येपाशी येऊन थांबतो. साधा हिशेब करून पाहावा. एका वर्गात ८० विद्यार्थी, प्रत्येकाची सत्रात चार कामे आणि प्रत्येक काम नीट वाचून दोन ओळी लिहिण्यास पंधरा मिनिटे धरली, तर एका विषयासाठी ८० तास लागतात. दुरुस्त करून परत आलेली कामे आणि प्रत्येकाशी दहा मिनिटांचे बोलणे यात धरलेले नाही. दोनतीन विषय शिकविणाऱ्या आणि तासिका तत्त्वावर नेमलेल्या, वर्गाबाहेरच्या कामाचा एक पैसाही न मिळणाऱ्या तरुण अध्यापकाने हे तास आणायचे कोठून? सरकारे धोरणे जाहीर करतात, विद्यापीठे परिपत्रके काढतात, आणि जागा मात्र वर्षानुवर्षे रिकाम्या राहतात. वाचणारा नसेल तर विद्यार्थ्याचा हिशेब हा दप्तरात पडून राहिलेला आणखी एक कागद ठरतो. परीक्षासुधारणेचे कोणतेही परिपत्रक काढण्यापूर्वी पूर्णवेळ शिक्षकांच्या जागा भराव्यात, ही मागणी विद्यार्थी, पालक आणि शिक्षक संघटना यांनी एकमुखाने केली पाहिजे.

वाईहून गेलेले ते पत्र आज शंभर वर्षांनंतरही जपून ठेवावेसे वाटते, कारण ते लिहिणाऱ्याने काही लपविले नाही आणि वाचणाऱ्याने काही वरवर वाचले नाही. आमच्या महाविद्यालयांतील प्रत्येक विद्यार्थी तसे पत्र लिहील अशी अपेक्षा कोणी करू नये. परंतु आपण काय शिकलो हे चार प्रामाणिक वाक्यांत सांगण्याची संधी त्याला मिळावी, आणि ती चार वाक्ये वाचायला समोर कोणीतरी बसलेले असावे, एवढी अपेक्षा गैर नाही. ही व्यवस्था करण्याची विद्यापीठांची तयारी असेल तर नव्या पद्धतीचे स्वागत करावे. तयारी नसेल तर निदान जुना बैठक क्रमांक तरी विद्यार्थ्याच्या हातून काढून घेऊ नये.